सात नंबरची पॉवर

वाल्दिव्हियाच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
क्ष-किरणांच्या खोलीपाशी कॉरिडॉर वळतो.
त्या वळणावर दोन दिवसांत अकरा वेळा
एलेउतेरिओ बार्रिआंचं हृदय
पडद्यावरून नाहीसं झालं.

माणूस जागच्या जागी. काठी टेकत बाथरूमकडे निघालेला.
फक्त हिरवी रेघ,
सपाट नव्हे, गायब, चार सेकंद,
आणि नर्स यास्ना धावत सुटलेली
एका पायात बूट, हातात अर्धा पाव.

म्हणून मला बोलावलं.
लॅपटॉप ताटासारखा तळहातावर धरून
मी रात्रभर तीच वाट चालते : पाच, सहा, सात, आठ.
छताला पांढऱ्या थाळ्या,
प्रत्येकीला एक बारीक निळा डोळा.

लोकांना वाटतं, नेटवर्क हात धरून नेतं.
नाही हो. डॉक्टरांना सांगून सांगून दमले.
कुणाला धरायचं, कुणाला सोडायचं,
ते गळ्यातली डबी ठरवते.
आणि ही डबी चिवट जातीची.
आठ डोक्यावर उभा राहून खणखणीत बोलतोय,
तरी ही लांबच्या सातलाच विचारत राहते :
काय म्हणालास? काय?

वळणाच्या भिंतीत शिसं आहे.
तिथे सात एकदम मुका होतो.
मग हिची त्रेधा. सगळ्या वाहिन्यांवर हाका,
आठपुढे नव्याने नाव-गाव, ओळखपाळख, किल्लीची मागणी.
तेवढ्यात हृदयाचे पाच ठोके
कुणाच्याच खाती न मांडलेले.

किल्ल्या आधीच पुढे पोचवायची सोय चालू केली.
शेजाऱ्यांची यादी डबीच्या हाती दिली.
चाराचे दोन झाले.
दोन सेकंद म्हणजेही यास्नाचा एक बूट.

बार्रिआ जागेच होते. म्हणाले, मी चालतो, तू बघ.
निएब्ला ते कोर्राल, चाळीस वर्षं त्यांनी फेरीबोट नेली.
"धक्क्याला बोट पुढे सरकवताना
पुढचा दोर बांधल्याशिवाय मागचा सोडत नाहीत.
शेंबड्या पोरालाही कळतं."
कळतं, मी म्हटलं, पण हिच्याकडे दोरच एक.
त्यांनी डबीकडे पाहिलं, एखाद्या नवशिक्या खलाशाकडे पाहावं तसं.
"मग त्या मागच्याला सांग, गप्प बस."

सहा फेऱ्या झाल्या. काठी, सपाता, काठी.
पाचव्या फेरीला ते खिडकीशी थांबले.
खाली नदीकाठी समुद्रसिंह
जागेवरून भांडत होते.
मी घाई केली नाही.

मग सातची पॉवर उतरवली.
सतरावरून चौदा. चौदावरून अकरा.
मोठ्याने हाक मारत राहणाऱ्याला सोडून जाणं अवघड;
त्याने आवाज उतरवला
की ऐकणारा मान वळवून पुढे बघतो.
मॅन्युअलमध्ये हे आहे, जरा वेगळ्या शब्दांत.

सातवी फेरी. वळण आलं, शिसं आलं,
रेघ अडखळली.
नाही, ते त्यांचंच हृदय.
ते तसंच अडखळतं, म्हणून तर ते इथे आहेत.
रेघ पुढे चालत राहिली.
पन्नास मिलीसेकंद.
यास्नाने मान वर केली नाही.
या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते.

पहाटे गाडीत बसून फोन काढला.
रायेनला अंतोफागास्ताला जाऊन तीन महिने झाले,
खाणीच्या कंपनीत. मी दिवसातून चारदा फोन करते,
जेवलीस का, कोट नेलास का.
वाळवंटात कोट.
बोट तिच्या नावावर होतं.
काचेवर धुरकट वाफ; कुणीतरी ओल्या लाकडाची चूल पेटवली होती.

फोन खिशात ठेवला.
वहीत लिहिलं : सात नंबर, अकरा.
जास्तच कमी झालं असेल कदाचित.
आठवड्याने पुन्हा मोजायचं.